मुलांच्या हक्कांवर एक मिनिटाची फिल्म काढायचीय? कोल्हापुरातनं सुरुवात करणाऱ्यांसाठी

मी अकरावीत होते तेव्हा आमच्या पाच जणांच्या टोळीनं मुलांच्या हक्कांवर एक मिनिटाची फिल्म काढली. आमची एकट्यांचीच नव्हती, पोलंड, नेपाळ आणि फिलिपिन्समधली आमच्याच वयाची पोरं आपापल्या गावात एकेक फिल्म काढत होती आणि शेवटी त्या चारी एकत्र जोडून दाखवायच्या असा बेत होता. आमची पहिली फिल्म पार फसली, दुसरी बरी झाली. तेव्हापासून दर वर्षी कुणीतरी भाचा, कुणाचीतरी मैत्रीण, कुठल्यातरी शाळेतल्या बाई विचारत येतात की कसं केलंत, कुठनं सुरू करायचं, कॅमेरा कुठला घ्यायचा. दर वेळी रंकाळ्यावर बसून तासभर तेच सांगते, आता म्हटलं एकदाचं लिहूनच टाकावं.

कॅमेरा कुठला हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि तोच सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे, त्यामुळे तो खाली सहाव्या नंबरला टाकलाय.

आधी एक, हे नेमकं काय असतं. जगभरात १२-१३ पासून विशीपर्यंतची पोरं मुलांच्या हक्कांवर छोट्या फिल्म करतात. त्यातला सगळ्यात ओळखीचा प्रकार म्हणजे ‘वन मिनिट्स ज्युनियर’, युनिसेफ, युरोपियन कल्चरल फाउंडेशन आणि वन मिनिट्स फाउंडेशन यांनी मिळून सुरू केलेला, १२ ते २० वयाची पोरं आणि बरोब्बर साठ सेकंदांची फिल्म. देशोदेशी वर्कशॉप घ्यायचे आणि पोरांनी स्वतःच लिहायचं, शूट करायचं. आम्ही त्यांच्यात नव्हतो, पण साठ सेकंदांचा नियम तिथनंच उचलला आणि तुम्हीही उचला. पाच मिनिटं दिली की माणूस भाषण ठोकतो. साठ सेकंदांत भाषण मावत नाही.

१. करार वाचा, पण सगळा एका बसणीत नको

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार २० नोव्हेंबर १९८९ ला मंजूर झाला, भारतानं तो ११ डिसेंबर १९९२ ला स्वीकारला. एकूण ५४ कलमं आहेत. सगळी वाचायला बसलात तर दहाव्या कलमाला झोप लागते, आम्हाला लागली होती. फिल्मवाल्यांना लागणारी कलमं मोजकी: १२ (मुलांशी संबंधित गोष्टीत त्यांचं मत विचारात घेणं), १३ (आपलं म्हणणं मांडायचं स्वातंत्र्य), १६ (खासगीपणा), २८ (शिक्षण), ३१ (विश्रांती आणि खेळ), ३२ (राबवून घेण्यापासून संरक्षण). यातलं एक निवडा. एकच.

मग ते कलम एखादं पोरगं बोलेल अशा वाक्यात लिहा. ‘कलम ३१: खेळाचा हक्क’ यातनं फिल्म निघत नाही. ‘ग्राउंडवर मांडव पडलाय, आता महिनाभर खेळायचं कुठं?’ यातनं निघते. माझ्या धाकट्या बहिणीचं वाक्य होतं, ‘पेठेत पोरांच्या मॅचला अख्खी गल्ली जाते आणि आम्ही फुटबॉल घेऊन निघालो की कुठं चाललीस विचारतात.’ बघा, झाली की फिल्म. कोल्हापुरात फुटबॉलवर फिल्म काढायला विषय शोधत हिंडायला नको.

शिक्षणावर काढणार असाल तर आपल्याकडे आयती गोष्ट आहे. शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. देशाचा शिक्षणहक्क कायदा आला २००९ मध्ये आणि लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. हे मी कॉलवर सांगितल्यावर पोलंडच्या पोरांनी पण लगेच सांगून टाकलं की अख्ख्या कराराचा प्रस्ताव १९७८ मध्ये त्यांच्या देशानं मांडला होता. मग अर्धा तास कुणाचं मोठं यातच गेला, काम काही झालं नाही. फक्त एवढंच, महाराजांचा फोटो आणि तुतारी टाकून मोकळे होऊ नका, तसल्या फिल्म शाळेच्या गॅदरिंगला शंभर होतात.

२. टोळी जमवा

चार ते सहा जण पुष्कळ. आमच्यात एक कॅमेरा, एक आवाज, एक एडिटिंग, एक सगळ्यांशी बोलणारी (मी) आणि एक जण ज्याला काहीच येत नव्हतं पण त्याच्याकडे स्प्लेंडर होती. त्याच्यावाचून फिल्म झाली नसती.

एक मोठं माणूस हवंच, शाळेतले सर, ताई, कुणाची मावशी, कुणीही. परवानगीच्या पत्रावर सही लागते, कुठं अडलात तर फोन करायला लागतं, आणि परदेशातल्या कुणाशी बोलताना घरच्या मोठ्यांना माहीत असायलाच पाहिजे. पण त्यांना आधीच सांगून ठेवा की फिल्म आमची आहे. आमचे सर फार चांगले, पण तिसऱ्या दिवशी ते ‘इथं एक छानसा संदेश येऊ दे’ असं म्हणायला लागले. त्यांना चहा आणायला पाठवलं. मोठ्यांनी लिहिलेलं वाक्य पोरांच्या तोंडी घातलं की पहिल्या सेकंदाला कळतं, स्क्रीनवर ते पोरगं वक्तृत्व स्पर्धेला उभं राहिल्यासारखं दिसतं.

३. परदेशातला गट कसा गाठायचा आणि घड्याळाचा घोळ

थेट सोशल मीडियावर अनोळखी पोरांना मेसेज करू नका. शाळेमार्फत, मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेमार्फत किंवा एखाद्या फेस्टिव्हलच्या वर्कशॉपमधनं जा, दोन्हीकडे एकेक जबाबदार मोठं माणूस असलं पाहिजे. पोरांचे खासगी नंबर द्यायचे नाहीत, गटाचा एक ईमेल काढा, त्याचा पासवर्ड ताईकडे पण ठेवा.

आता वेळ. पोलंड आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागे आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं, कारण ते लोक मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास इकडं तिकडं करतात. आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांचा कॉल दुपारी तीनला, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला, असं दोन महिने चाललं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही साडेसहाला बसलो तर कुणीच नाही. तासभर कोऱ्या स्क्रीनकडे बघत बसलो, एकानं तर ‘त्यांनी आपल्याला काढून टाकलंय’ म्हणून जाहीर पण केलं. साडेसातला सगळे हसत हजर. फिलिपिन्सवाल्यांचे तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले, त्यांची एक पोरगी कॅमेऱ्यासमोरच डुलक्या काढायची. नेपाळ आपल्या पुढं पंधराच मिनिटं आहे, पण ती पंधरा मिनिटं पण विसरली जातात. चारी गावांच्या वेळा एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, घड्याळ बदलायच्या तारखांसकट.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. पोलंडच्या पोरांचं इंग्रजी आमच्यासारखंच होतं, म्हणजे बेताचंच. शेवटी आम्ही ठरवलं की फिल्ममध्ये संवाद कमीत कमी ठेवायचे, आणि कॉलवर बोलण्यापेक्षा एकमेकांना दहा-दहा सेकंदांचे व्हिडिओ पाठवायचे: तुझ्या शाळेचा रस्ता, तुझा डबा, तू खेळतोस ती जागा. त्यातनंच जास्त कळलं.

४. साठ सेकंद म्हणजे किती

पानाचे सहा चौकोन करा, एक चौकोन म्हणजे दहा सेकंद. प्रत्येकात काय दिसणार आणि काय ऐकू येणार एवढंच लिहायचं, ‘तिला वाईट वाटतं’ असलं लिहायचं नाही, ते दिसत नसतं. नावं आणि आभार पण साठ सेकंदांतच बसवायचेत, त्यामुळे शेवटचे पाच सेकंद आधीच कापून ठेवा. म्हणजे हातात राहिले पंचावन्न. साधारण दहा-बारा शॉट बसतात. एक माणूस, एक जागा, एक अडचण, बास.

सापळे सांगते, सगळ्यांत मी स्वतः अडकलेय. सिग्नलवर भीक मागणारं पोरगं आणि मागं बासरी. ‘मुले ही देवाघरची फुले’. शेवटी काळा पडदा आणि पांढऱ्या अक्षरात आकडेवारी. पोरगं वहीकडे बघतंय, वही चिखलात पडते. गरीब पोरगं काचेच्या पलीकडनं शाळेत डोकावतंय. हे सगळं बघणाऱ्याला आधीपासून पाठ असतं.

५. परवानग्या (इथं घाई केलीत तर सगळं वाया)

हा भाग सगळ्यात लांब आहे आणि मुद्दाम आहे.

आमची पहिली फिल्म ऊसतोडीवर होती. दिवाळी झाली की आपल्याकडे कारखाने सुरू होतात, बीडकडनं टोळ्या येतात, नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, आणि त्यांच्याबरोबर पोरं येतात, गावाकडची शाळा मध्येच सोडून. नदीकाठच्या एका गावात रस्त्याकडेला त्यांच्या झोपड्या होत्या. आम्ही मुकादमाला विचारलं, तो ‘काढा की’ म्हणाला, आणि आम्ही दहा-अकरा वर्षांच्या एका पोरीचं शूटिंग केलं. ती वाढ्याचा (उसाच्या हिरव्या शेंड्यांचा) भारा डोक्यावर घेऊन येत होती, आम्ही तिला चार वेळा परत जाऊन यायला लावलं, कारण सूर्य चेहऱ्यावर बरोबर पडत नव्हता. परत वाचा हे वाक्य, मला आजही ते लिहिताना कसंतरी होतं. मुलांना राबवू नका अशी फिल्म आणि आम्ही भारा चार वेळा उचलायला लावला.

एडिट केलं, खाली दुःखी म्युझिक टाकलं, लई भारी झालीय म्हणून सगळ्यांना पाठवलं. कॉलवर नेपाळच्या गटातल्या एका मुलानं एकच विचारलं: तिनं ही बघितली का?

नव्हती बघितली. आम्ही परत गेलो तर टोळी दुसऱ्या फडावर गेलेली. दोन रविवार हिंडून, स्प्लेंडरचं पेट्रोल जाळून, शेवटी सापडली. तिच्या आईच्या शेजारी बसून तिनं फोनवर पूर्ण फिल्म बघितली, एकदा, परत एकदा, आणि म्हणाली, ‘मी हासले व्हते ना, ते कुठंय?’ ती खरंच हसली होती, तिसऱ्या वेळी, आमच्या पोराचा पाय पाटात गेला तेव्हा. ते आम्ही कापलं होतं, फिल्मला शोभत नाही म्हणून. मग तिनं विचारलं शेळी का नाही दाखवली. शेळी तिनं वाढवलेली, गावाकडनं ट्रॅक्टरमधनं आणलेली, आणि दिवसभर तिचं सगळं लक्ष शेळीकडे असतं. आमच्या फिल्ममध्ये शेळी एकदाच, कोपऱ्यात, अर्धी.

ती फिल्म आम्ही पुसली. दुसरी तिनं सांगितली तशी काढली. आता यातनं निघालेले नियम सांगते.

पहिला, मुलाची स्वतःची परवानगी आणि पालकांची परवानगी, दोन्ही लागतात. मुकादम, मालक, हेडसर, सरपंच यांची परवानगी ही पालकांची परवानगी नव्हे. आईबाप हो म्हणाले आणि पोरगं मान खाली घालून गप्प बसलं तर ते नाही आहे. तिसऱ्या माणसासमोर विचारू नका, आणि हातात कॅमेरा धरून तर अजिबात नको.

दुसरा, चेहरा आणि ओळख. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल अशी कुठलीही गोष्ट प्रसिद्ध करायला बंदी घालतं, आणि कामगार कायदा मोडून कामाला लावलेलं मूल त्यात येतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोक्सो कायद्याचं कलम २३ लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांच्या ओळखीबद्दल असंच सांगतं. म्हणजे हॉटेलात कपबश्या धुणाऱ्या पोराचा चेहरा दाखवून ‘जागृती’ करायला गेलात तर कायदा तुम्हीच मोडताय. आणि नुसता चेहरा धूसर करून भागत नाही. युनिफॉर्मवरचा बॅज, दारावरची पाटी, गाडीचा नंबर, मागं दिसणारं देऊळ, यावरनं गावातला माणूस क्षणात ओळखतो.

आमच्या पोरीला तर स्वतःचं नाव यायला पाहिजे होतं, तिचा हट्टच होता. तिला समजावून सांगितलं, ती रुसली, मग तिनं स्वतःच दुसरं नाव निवडलं आणि फिल्ममध्ये तेच आहे. चेहरा नाही. हात आहेत, शेळी आहे, आणि हसण्याचा आवाज आहे.

तिसरा, नंतर नको म्हणायचा हक्क. वर्षानं फोन आला की काढून टाका, तर काढून टाकायची, प्रश्न न विचारता. आणि हे खरंच जमणार असेल तरच वचन द्या, कारण एकदा व्हॉट्सॲपवर गेलं की परत येत नाही. म्हणून आधी कुठंच फॉरवर्ड करायचं नाही, घरच्या ग्रुपवर पण नाही, आत्याला पण नाही.

चौथा, शूटिंग करताना एखादं मूल धोक्यात दिसलं, मारहाण, डांबून ठेवणं, काहीही, तर कॅमेरा बंद आणि १०९८ ला फोन. मुलांसाठीची ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, पैसे पडत नाहीत. पुरावा म्हणून शूट करत बसू नका.

कागदपत्रं ही एवढी, एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये:

- पालकांचं संमतीपत्र, मराठीत, एका पानाचं. त्यात चार गोष्टी साध्या शब्दांत: शूटिंग कधी आणि कुठं झालं, फिल्म कुठं कुठं दाखवणार (इंटरनेट आणि परदेश हे शब्द स्पष्ट लिहा), पैसे मिळणार नाहीत, आणि कधीही नको वाटलं तर कुणाला फोन करायचा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा आणि एक साक्षीदार घ्या.
- मुलासाठी वेगळा कागद, मोठ्या अक्षरात, पाच ओळींचा.
- शाळेत शूट करणार असाल तर मुख्याध्यापकांचं पत्र, तारीख आणि वेळ घालून, शिक्क्यासकट.
- शेत, गुऱ्हाळ, कारखाना, दुकान असेल तिथं मालकाची लेखी परवानगी.
- टोळीत जे १८ च्या आतले आहेत त्यांच्याही घरून पत्र. हे सगळे विसरतात, फेस्टिव्हलवाले मात्र मागतात.
- तुमच्या वयाचा दाखला.

पत्राची एक प्रत समोरच्याला द्या. आम्ही पहिल्यांदा दिलीच नव्हती, त्यांच्याकडे आमचा नंबरसुद्धा नव्हता.

जागेचं म्हणाल तर पंचगंगा घाट, रंकाळा, बिंदू चौक इथं एक फोन आणि दोन पोरं असली तर सहसा कुणी काही बोलत नाही, पण ट्रायपॉड, रिफ्लेक्टर, दहा जणांची गर्दी झाली की शिट्टी वाजते, मग आधीच जवळच्या पोलीस चौकीत सांगून ठेवलेलं बरं. अंबाबाईच्या देवळात आत शूटिंगचा विचार सोडा. ड्रोनचा तर पूर्ण सोडा, साठ सेकंदांत ड्रोन काय करायचाय?

६. सामान

बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमाराला याच गावात देशी कॅमेरा बनवला, खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, त्याच्यावरनं रोज जाता. तुमच्या खिशातला फोन त्याच्यापेक्षा कितीतरी पुढं आहे, त्यामुळे कॅमेरा नाही म्हणून रडायचं नाही.

एक बरा फोन. छोटा ट्रायपॉड, नसेल तर विटा आणि वाळूची पिशवी. वायरचा कॉलर माईक, यावर मात्र पैसे घाला, लेन्सवर घालू नका. दुसरा फोन आवाजासाठी. पॉवर बँक. फोनमध्ये निदान वीस जीबी मोकळी जागा, नाहीतर ऐन शॉटला लग्नाचे फोटो पुसत बसाल. लेन्स पुसायला सुती फडकं. पांढरा थर्माकोल, उजेड परतवायला. पाणी, भडंग.

७. शूटिंग

फोन आडवा. एअरप्लेन मोड चालू. लेन्स पुसा. हे तिन्ही दर शॉटच्या आधी मोठ्यानं म्हणा, हसू आलं तरी.

सेटिंग १०८० (चित्राची स्पष्टता) आणि सेकंदाला २५ फ्रेम. का? आपल्या विजेची फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ आहे, ३० फ्रेमवर ट्यूबलाइटखाली शूट केलं की चित्रात काळे पट्टे सरकतात किंवा उजेड लुकलुकतो, फोनवर दिसत नाही आणि मोठ्या पडद्यावर डोळे दुखतात. फोनमध्ये प्रो मोड (सेटिंग हातानं बदलायची सोय) असेल तर शटर १/५० सेकंद ठेवा. पोलंड आणि नेपाळमध्ये पण ५० हर्ट्झच, त्यामुळे जमलं. फिलिपिन्समध्ये ६०, त्यांनी २५ फ्रेमच ठेवून शटर १/६० केलं. चारी गटांनी हे पहिल्याच कॉलला ठरवून घ्या, आम्ही शेवटी ठरवलं आणि फिलिपिन्सच्या पोरांना अर्धी फिल्म परत काढायला लागली. ती रागावली नाहीत, पण मला माहितेय, मी असते तर रागावले असते.

प्रत्येक शॉट दहा सेकंद धरा, वापरणार तीन असले तरी. पुढं मागं शेपूट असलं की एडिटिंगवाला दुवा देतो. झूम बोटानं करू नका, चालत जवळ जा. मुलांचं शूटिंग त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरनं, म्हणजे गुडघ्यावर बसून. वरनं खाली काढलेलं पोर उगाचच बिचारं दिसतं.

आवाज. कोल्हापूर म्हणजे रिक्षा, टेम्पो, भोंगा, आणि सप्टेंबरात कुठंतरी डॉल्बी. माईक कॉलरला लावा, दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करा, सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा म्हणजे नंतर आवाज जुळवता येतो. आणि प्रत्येक जागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट घ्या, कुणी काही न बोलता. उसाच्या फडात तो अर्धा मिनिट घेतला तेव्हा पात्यांची सळसळ, कोयत्याचा एक ठराविक ठेका आणि लांब कुठंतरी रेडिओ असं मिळालं, शेवटी फिल्मला म्युझिक लावायची गरजच पडली नाही.

सकाळी नऊच्या आत नाहीतर दुपारी साडेचारनंतर. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली सावली पडते. जुलै-ऑगस्टमध्ये आखणी करूच नका, आपला पाऊस तुम्हाला माहितेय.

८. एडिटिंग आणि सबटायटल

कॉम्प्युटर असेल तर दा विंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन भरपूर झालं. फोनवर काइनमास्टर, इनशॉट चालतात, पण फुकटात कोपऱ्यात त्यांचा शिक्का येतो. तसली फिल्म पाठवू नका. आधीच बघून घ्या, आख्खं एडिट झाल्यावर कळतं तेव्हा रडू येतं.

सिनेमातलं गाणं वापरायचं नाही, एक ओळ पण नाही, आणि ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ हे जे सगळे सांगतात ते खोटं आहे. तुमच्या गल्लीतला ढोलकीवाला, शाळेची घंटा, आजीची ओवी, हे रेकॉर्ड करा, तिला विचारून.

सबटायटल दोन ओळींच्या वर नको आणि घाईघाईनं पळवू नका, पोलंडमधल्या आजीला पण वाचता आलं पाहिजे. मराठी अक्षरं स्क्रीनवर टाकताना युनिकोड फॉन्टच घ्या, मुक्ता किंवा नोटो. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमधलं पेस्ट केलं की कचरा होतो. काही ॲपात जोडाक्षरं फुटतात, आमच्या पहिल्या कॉपीत ‘हक्क’ चा ‘हक्‌क’ झाला होता आणि तो आख्ख्या फिल्मचा मुख्य शब्द. एक्सपोर्ट झाल्यावर परत बघायचं, फोनवर नाही, टीव्हीला लावून.

भाषांतर शब्दाला शब्द करू नका. आमच्या पोरीचं एक वाक्य होतं, ‘आमी पाखरावानी, दाणं संपलं की उडालो.’ त्यावर दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी इंग्रजीत निम्मंच आलं, ते चालवून घेतलं.

९. पाठवणं

एक ‘प्लुरल प्लस’ नावाचा फेस्टिव्हल आहे, संयुक्त राष्ट्रांचा, २५ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी, पाच मिनिटांपर्यंतची फिल्म, पण विषय स्थलांतर, विविधता, सामावून घेणं असे असतात, ऊसतोडीची गोष्ट त्यात नीट बसते. बाकी बरेच फेस्टिव्हल फिल्मफ्रीवे या साइटवर असतात. वय, लांबी, शेवटची तारीख दर वर्षी त्या त्या वर्षीच्या नियमातनं बघा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्या पण नाही.

पोरांच्या फिल्मसाठी भरमसाठ एंट्री फी मागणारे आणि चार दिवसांत ‘अभिनंदन, तुमची निवड झाली, ट्रॉफीचे पैसे भरा’ असं कळवणारे पुष्कळ आहेत. आमच्यातला एक जण भरून बसला, आईला अजून सांगितलेलं नाही. फॉर्ममधली हक्कांची ओळ मोठ्यांकडनं वाचून घ्या: दाखवायची परवानगी देणं वेगळं आणि फिल्म कायमची त्यांना देऊन टाकणं वेगळं. संमतीपत्रात जे लिहिलंय त्याच्या बाहेरचं काही मागत असतील तर पाठवायची नाही.

फाइलचं नाव साधं इंग्रजी अक्षरांत, ‘फायनल फायनल खरंच फायनल’ नको.

१०. दाखवणं

सगळ्यात आधी ज्या मुलावर आहे त्याला, त्याच्या जागी जाऊन. मग त्याच्या आईबापांना. मग गल्लीत, तालमीत, शाळेत. २० नोव्हेंबर हा जागतिक बालदिन आहे, आपल्या १४ तारखेनंतर सहाच दिवसांनी, त्या आठवड्यात शाळा हॉल सहज देतात. प्रोजेक्टर भाड्यानं घ्या, पांढरी चादर इस्त्री करून लावा, सुरकुती असली की सगळ्यांचं लक्ष तिकडंच.

आम्ही झोपड्यांसमोर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला चादर बांधून दाखवली. चारी देशांची मिळून चार मिनिटं. पोलंडच्या फिल्ममध्ये बर्फात चालत शाळेत जाणारा मुलगा आला तेव्हा सगळे गप्प झाले आणि मागनं एक बाई म्हणाली, ‘आगं बया, त्याच्या आईनं टोपडं नाही का घातलं?’ स्वतःची फिल्म आली तेव्हा ती पोरगी पुढं जाऊन चादरीला हात लावून आली.

दर वर्षी दिवाळीनंतर तिच्या आईच्या फोनवरनं तिचा फोन येतो. गेल्या खेपेला म्हणाली शेळीला दोन करडं झालीत, ती फिल्ममध्ये घाल. म्हटलं अगं फिल्म कधीच संपली. तर म्हणाली, मंग दुसरी काढ.